मोडेल, पण स्वस्तात मोडेल असा ट्रक

माझ्या कपाटात बुटाचं एक जुनं खोकं आहे. रिमोटच्या गाड्यांचे मोडके भाग त्यात साठलेत. दात उडालेला गिअर, मधोमध चिरलेला सस्पेन्शनचा हात, वाकलेली पिन, अजूनही जळका वास येणारी मोटर. घरच्यांच्या लेखी ते भंगार आहे. पण कोणी विचारलं, ‘मुलासाठी, म्हणजे खरं तर माझ्यासाठीच, एक दणकट आरसी ट्रक घ्यायचाय, कुठला घेऊ?’ की मी आधी ते खोकं काढून त्याच्या पुढ्यात ठेवतो.

व्हिडिओतला ट्रक दोन मजले उंच उडतो, चारी चाकांवर उतरतो आणि धूळ उडवत निघून जातो. पाचव्या उडीनंतर त्याचं काय झालं ते कोणी दाखवत नाही. मुरमावर, ढेकळांत, उड्या मारत चालवलेली प्रत्येक गाडी मोडते. दहा हजारांची मोडते, लाखाचीही मोडते. तेव्हा ‘न मोडणारी गाडी’ शोधू नका. तीन प्रश्न विचारा: यातलं आधी काय मोडेल, तो भाग कितीला आणि कुठे मिळेल, आणि तो बसवायला मला किती वेळ लागेल? याची उत्तरं ज्या गाडीची चांगली, ती टिकाऊ.

आधी जमीन बघा

गाडीच्या आधी जागा ठरवा. आठवड्यातले सहा दिवस जिथे गाडी चालणार आहे, तिथे एकदा नुसते फिरून या आणि खाली बघा.

सोसायटीमागचा मुरमाचा माळ असेल तर खडे मोजा. १:१० मापाचा ट्रक म्हणजे खऱ्या ट्रकचा दहावा भाग, लांबीला हातभरापेक्षा थोडा जास्त. तीन सेंटिमीटरचा खडा त्याला खऱ्या ट्रकपुढच्या फूटभर धोंड्यासारखा. १:१६ च्या ट्रकला तोच खडा जवळजवळ दीड फुटाचा. लहान गाडी स्वस्त पडते, पण आपल्या ओबडधोबड जमिनीवर ती सतत अडखळते. तिच्यासाठी क्रिकेटचं मैदान किंवा शाळेचं पटांगण बरं.

काळ्या रानाची दोन रूपं असतात. पावसाळ्यात माती चाकाला धरते, चाकं लाडवासारखी होतात, सगळा भार मोटरवर येतो आणि ती तापते. उन्हाळ्यात त्याच रानाला भेगा पडतात. त्या भेगेत पुढचं चाक अडकलं की सस्पेन्शनचा हात काडकन जातो. कोकणातला जांभ्याचा सडा दिसायला सपाट, पण अंगाने कानशीसारखा. तिथे टायर आणि गाडीचं पोट झिजतं. उंच गवतात चाकांच्या दांड्यांभोवती काड्या गुंडाळल्या जातात. समुद्राच्या वाळूबद्दल पुढे बोलू.

जमीन कळली की प्रकार ठरतो. बाजारात मुख्यतः चार दिसतील. मॉन्स्टर ट्रकची चाकं मोठी, पोट जमिनीपासून उंच. ढेकळं, गवत, पायऱ्या यांना हा बरा, मात्र वेगात वळवला की उलटतो. शॉर्ट कोर्स ट्रकची बॉडी चाकांवरून बाहेर आलेली असते आणि पुढेमागे भक्कम बंपर असतात, त्यामुळे तो धडकांना बरा. पण मोठ्या उडीत बॉडीखाली हवा भरते आणि गाडी छत्रीसारखी वर उचलली जाते, म्हणून बरेच जण बॉडीला मागे भोकं पाडतात. स्टेडियम ट्रक बसका आणि रुंद असतो, सपाट मैदानावर मजा देतो. ट्रगी ही बगी आणि ट्रक यांची जोडगोळी. ती बहुधा १:८ मापाची, वेगवान आणि महागही असते. पाचवा प्रकार क्रॉलर. तो दगडांवरून गोगलगायीच्या चालीने चढतो. हौस छान आहे, पण शर्यत आणि धुडगूस ही त्याची कामं नव्हेत.

माळ, मैदान, कच्चा रस्ता असं सगळं थोडं थोडं असेल तर पहिली गाडी १:१० चा मॉन्स्टर किंवा शॉर्ट कोर्स ट्रक घ्यावा, असं मी सांगतो.

खेळणं कोणतं, गाडी कोणती

खेळण्याच्या दुकानात मिळणाऱ्या गाडीत आणि हौशी लोकांच्या गाडीत बाहेरून फारसा फरक दिसत नाही. खेळण्यात मोटर, स्टिअरिंग आणि रेडिओ यांचं सर्किट बहुतेक वेळा एकाच पट्टीवर जोडलेलं असतं. एक बिघडलं की सगळं गेलं. हौशी दर्जाच्या गाडीत मोटर वेगळी, तिचा वेग आवरणारा ईएससी वेगळा, स्टिअरिंगचा सर्व्हो वेगळा, रिसीव्हर वेगळा. चार स्क्रू काढले की त्यातला कुठलाही भाग बदलता येतो.

माझी पहिली गाडी पहिल्या प्रकारातली होती. खोक्यावर डोंगर चढणारा ट्रक छापला होता. तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्समधून करकर आवाज आला आणि गाडी जागच्या जागी घुरघुरू लागली. आत नखाएवढ्या गिअरचे तीन दात गेले होते. तो गिअर सुटा कुठेच मिळाला नाही. दुकानदार म्हणाला, ‘दुसरी गाडी घ्या ना.’ माझ्या खोक्यातला सर्वांत जुना तुकडा तोच.

म्हणून खरेदीआधी एक परीक्षा घ्या. कंपनीच्या माहितीपुस्तकात गाडीचे सगळे भाग सुटे करून काढलेलं चित्र आहे का, आणि प्रत्येक भागाला क्रमांक आहे का ते बघा. नसेल तर विषय संपला. असेल तर पाच भागांची किंमत काढा: पुढचा खालचा हात, स्पर गिअर म्हणजे मोटरने फिरणारा मोठा गिअर, चाकाला जाणारा दांडा, एक शॉक आणि सर्व्हो. हे पाच भाग भारतात, आज, कोणाकडे तरी शिल्लक आहेत का? ‘मागवून देऊ’ याचा अर्थ दीड-दोन महिने धरा.

अमेरिकेतल्या ट्रॅक्ससचं नाव या बाबतीत नेहमी निघतं. त्यांच्या दोन चाकांना जोर असणाऱ्या स्लॅश, स्टॅम्पीड आणि रस्टलर या गाड्यांचे कितीतरी भाग एकमेकांना बसतात. शिवाय बाहेरच्या कंपन्याही त्यांच्यासाठी भाग बनवतात. कॅलिफोर्नियातल्या आरपीएमचे नायलॉनचे हात त्यांत सर्वांत नावाजलेले. आर्माच्या ग्रॅनाइट आणि सेंटन या १:१० च्या गाड्याही अशाच, भागांचा साठा असलेल्या. खिसा आखडता असेल तर एमजेएक्सच्या हायपर गो मालिकेतल्या १:१६ आणि १:१४ च्या चिनी गाड्या आहेत. त्या किमतीच्या मानाने दमदार, पण भाग मिळतील का ते आपल्या शहरातल्या विक्रेत्याला विचारूनच घ्याव्यात.

आयातीचा हिशेबही आधीच करा. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून थेट ६० टक्क्यांवर गेलं आणि त्यानंतरही दर बदलत राहिले. परदेशी संकेतस्थळावरची किंमत पाहून हुरळून जाऊ नका. शुल्क, कर आणि कुरिअर धरून घरात येईपर्यंत काय पडतं, तो खरा आकडा.

वेगाचा हिशेब मजल्यांत करा

नवशिक्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पळते? मी उत्तर मजल्यांत देतो. ताशी ३० किलोमीटरने गाडी भिंतीवर आपटली, तर तो मार साधारण साडेतीन मीटरवरून, म्हणजे एका मजल्यावरून खाली पडण्याएवढा. ताशी ५० ला हाच हिशेब दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मजले. आणि ताशी १०० ला? जवळजवळ चाळीस मीटर. तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून गाडी खाली सोडून बघायची तुमची तयारी आहे का? नसेल तर तेवढ्या वेगाची गाडी विजेच्या खांबांमध्ये चालवू नका. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे शाळेतलं गणित इथे पैसे मोजून पुन्हा शिकावं लागतं.

वेग येतो मोटर आणि बॅटरीतून. ब्रश असलेली साधी मोटर स्वस्त, हळूहळू झिजणारी, शिकायला उत्तम. ब्रशलेस मोटर जास्त ताकदीची आणि दीर्घायुषी. तिच्यावर ‘केव्ही’चा आकडा असतो: एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, तो हा आकडा. ३,२०० केव्हीची मोटर दोन सेलच्या ७.४ व्होल्ट बॅटरीवर भाराविना सुमारे २३,७०० फेरे घेते, तीन सेलच्या ११.१ व्होल्टवर ३५,५००. नुसती बॅटरी बदलली, वेग दीडपट झाला आणि मार सव्वादोनपट. आर्माच्या क्रेटनसारखी १:८ ची सहा सेलवर चालणारी गाडी या शिडीच्या फार वरच्या पायरीवर आहे. तिथे थेट उडी मारलेल्यांची खोकी माझ्या खोक्यापेक्षा लवकर भरतात.

पहिली गाडी दोन सेलवर चालवा. तीन सेल झेपणारी असली तरी पहिले दोन महिने दोनच. काही रिमोटवर वेग निम्म्यावर आणायची सोय असते. ती मुलांसाठीच आहे असं समजू नका.

जोर दोन चाकांना की चारी चाकांना, हाही प्रश्न येतो. दोन चाकांच्या गाडीत पुढे दांडे नाहीत, डिफरन्शियल नाही, म्हणजे मोडायलाच कमी. मात्र सुट्या मुरमावर तिचं मागचं अंग घसरतं आणि हात बसावा लागतो. चारी चाकांची गाडी ओढून नेते, उडीत सावरते, पण खर्च आणि देखभाल दोन्ही वाढतात.

गाडी हातात घ्या

शक्य असेल तर गाडी प्रत्यक्ष बघा. मित्राची, विक्रेत्याची, मैदानावर भेटलेल्या अनोळखी माणसाची चालेल. या छंदातली माणसं गाडी दाखवायला टपलेलीच असतात.

पुढचं चाक धरून सस्पेन्शनचा हात हलकेच पिळा. चांगला नायलॉन थोडा वाकतो आणि परत येतो. काचेसारखा ताठ लागला तर तो दणक्याला तडकेल. मग गाडी दोन्ही हातांनी दाबून सोडा. तेल भरलेले शॉक असतील तर ती सावकाश, एका दमात वर येते. नुसत्या स्प्रिंग असतील तर दोन-तीनदा उसळते. अशी गाडी उडीनंतरही उसळत राहते आणि उलटते.

चाक काढून मागची षटकोनी नट-बैठक बघा. १:१० ला १२ मिलिमीटर ठीक आहे, मोठ्या आणि ताकदवान गाड्यांना १७ मिलिमीटर हवी. ती प्लास्टिकची असेल आणि मोटर ब्रशलेस, तर आतून गोल होणार हे ठरलेलं. डिफरन्शियलमधले गिअर धातूचे आणि बंद डबीत असावेत. मोटरजवळचा स्पर गिअर प्लास्टिकचा असला तरी चालतो. अनेक गाड्यांत तो मुद्दामच तसा ठेवतात, म्हणजे दणका बसला की घरातल्या फ्यूजसारखा तो स्वस्तातला गिअर जातो आणि आतलं महाग सामान वाचतं. मात्र त्यावर झाकण असायलाच हवं. मुरमाचा एक खडा दातांत गेला की खेळ खलास.

सर्व्होला धातूचे गिअर हवेत आणि स्टिअरिंगच्या जोडणीत सर्व्हो-सेव्हर हवा. चाकाला बसलेला धक्का सर्व्होपर्यंत जाऊ न देणारी ती स्प्रिंग. स्वस्त गाड्यांत सर्वांत आधी सर्व्होच मान टाकतो. १:१० ला साधारण १० किलो-सेंटिमीटर ताकदीचा सर्व्हो पुरतो, १:८ ला २० च्या वरचा हवा.

शेवटी स्क्रू बघा. फुलीच्या स्क्रूचं डोकं चार वेळा उघडझाप केली की झिजतं. षटकोनी खाचेचे, म्हणजे अ‍ॅलन कीने उघडणारे असतील तर बनवणाऱ्याला ही गाडी वरचेवर उघडली जाणार हे माहीत होतं.

अ‍ॅल्युमिनियमचा मोह

नवी गाडी आली की आठवड्याभरात जाहिराती दिसू लागतात: निळे, लाल, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे हात. मीही घेतले. प्लास्टिकचा हात मोडतो, धातूचा कसा मोडेल, असा माझा साधा हिशेब होता.

माळाच्या कडेला पाण्याच्या नळाचा एक सिमेंटचा चौथरा आहे. एका संध्याकाळी ऊन डोळ्यांवर आलं आणि गाडी सरळ त्यावर गेली. धावत जाऊन बघतो तर हात शाबूत, त्याच्यावर ओरखडासुद्धा नाही. मी खूश. गाडी उचलली तर पुढचं अख्खं तोंड माझ्या हातात लोंबकळलं. हाताने मार घेतला नाही, तो पुढे ढकलला. डिफरन्शियल धरून ठेवणारी पुढची पेटी उभी चिरली होती आणि हाताची पिन अशी वाकली होती, की ठोकून काढावी लागली. प्लास्टिकचा हात मोडला असता तर दोन स्क्रू, एक पिन आणि पंधरा मिनिटांचं काम होतं. पेटी बदलायला दोन संध्याकाळी गेल्या. ती चिरलेली पेटी माझ्या खोक्यात सर्वांत वर ठेवलीय.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं मजबुतीकरणाचं होऊ देऊ नका. मार कुठून येतो, कुठे जातो आणि कुठे थांबावा असं तुम्हाला वाटतं, ते आधी ठरवा. हात, बंपर, बॉडीचे खांब हे बाहेरचे भाग वाकणारे आणि स्वस्त असू द्यात. पैसा आत घाला: चांगली बेअरिंग, धातूचे डिफ गिअर, पोलादी दांडे, धातूच्या गिअरचा सर्व्हो. धातू वापरायचाच असेल तर तो फिरणाऱ्या भागांत, आपटणाऱ्या भागांत नव्हे.

शर्यतीत उतरायचं असेल तर

धुडगूस घालायची गाडी आणि शर्यतीची गाडी यांत कुस्तीगीर आणि धावपटू यांच्यातला फरक असतो. शर्यतीची गाडी हलकी, नेमकी, वळणात चिकटून जाणारी. तिला तीन मीटर उंचीवरून मुरमावर टाकलं तर ती रागावते.

आधी गट ठरवा, गाडी नंतर. गाडीचं माप, मोटर, बॅटरी आणि कधीकधी टायरही गटाच्या नियमात ठरलेले असतात. अमेरिकेत ‘रोअर’ ही संस्था १९६७ पासून असे नियम करते, जागतिक पातळीवर ‘इफमार’ आहे, आणि जगभरचे क्लब त्यांतून आपल्याला झेपतील ते नियम घेतात. गाडी नियमात बसत नाही म्हणून घरी परतलेली माणसं मी पाहिलीत.

शॉर्ट कोर्स ट्रकची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या क्रँडनसारख्या ठिकाणी खऱ्या ट्रकच्या धुळीतल्या शर्यती होतात. त्यांच्या रूपावर ट्रॅक्ससने २००८ मध्ये स्लॅश आणला. बांधून तयार, परवडणारा, धडका सोसणारा. क्लबांनी केवळ स्लॅशचेच गट सुरू केले: गाडी जशी खोक्यातून आली तशीच चालवायची. सगळ्यांकडे सारखी गाडी, म्हणजे फरक फक्त हाताचा. चाकं बॉडीखाली झाकलेली असल्यामुळे एकाचं चाक दुसऱ्याच्या चाकावर चढून गाड्या हवेत उडण्याचे प्रकारही कमी. शिकणाऱ्याला याहून चांगली शाळा नाही. गंभीरपणे उतरायचं ठरलं तर टेक्नोच्या एससीटी४१० सारखे चारी चाकांचे शर्यतीचे ट्रक आहेत. १:१० गटातली गाडी, पण आतली यंत्रणा १:८ च्या ताकदीची. ती सुट्या भागांच्या संचात येते आणि बांधावी तुम्हाला लागते. बांधताना गाडीची ओळख होते, ती पुढे ट्रॅकवर दुरुस्ती करताना कामी येते.

जिथे शर्यत भरते तिथे पहिल्यांदा गाडी न घेता जा. चालकांचं मचाण, उलटलेली गाडी सरळ करायला ट्रॅकवर उभे असणारे मार्शल, दुरुस्तीची टेबलं, सगळं बघा. अनेक क्लबांत आपली फेरी संपली की पुढच्या फेरीला मार्शल म्हणून उभं राहायचं असतं. ते टाळणारा सगळ्यांच्या लक्षात राहतो. तिथल्या टेबलांवर कुठल्या गाड्यांचे भाग सर्वांत जास्त पसरलेत ते नीट बघा. तीच गाडी घ्या. कारण रविवारी दुपारी तुमचा हात मोडेल तेव्हा कोणाच्या तरी पेटीत तो असेल.

आणि पैसे उरले तर ते मोटरवर न घालता टायरवर घाला. त्या मातीला धरणारा टायर नसेल तर मोटरची ताकद धूळ उडवण्यातच जाते.

बॅटरी: इथे चूक नको

गाडी मोडली तर पैसे जातात. लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरी बिघडली तर घर पेटू शकतं. म्हणून हे चार नियम पाठ करा.

लिपोचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडू शकतो. ईएससीमध्ये लिपोसाठीचा कटऑफ चालू आहे याची पहिल्याच दिवशी खात्री करा. चार्जर बॅलन्स करणारा, म्हणजे प्रत्येक सेल वेगळा सांभाळणारा घ्या. चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेएवढा: ५,००० एमएएचला ५ अँपिअर. आठवडाभर वापरायची नसेल तर पूर्ण भरलेली ठेवू नका, सेलमागे सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवा. चार्जरमध्ये त्यासाठी ‘स्टोरेज’ असं वेगळं बटण असतं.

चार्जिंग करताना घरात थांबा, झोपू नका. बॅटरी गादीवर, सोफ्यावर न ठेवता फरशीवर, मातीच्या रुंद कुंडीत ठेवा. मे महिन्यात बंद मोटारीत ती विसरू नका. फुगलेली बॅटरी टोचून ‘हवा काढायची’ नसते. ती घराबाहेर मोकळ्या जागी ठेवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची.

परदेशातून येणारा भाऊ किंवा मामेबहीण गाडी आणणार असेल तर बॅटरीचा वॉट-अवर काढा: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. दोन सेलची ५,००० एमएएच म्हणजे ३७, तीन सेलची ५५.५, सहा सेलची १११. सुट्या बॅटऱ्या केबिनच्या बॅगेतच आणायच्या, चेक-इन सामानात चालत नाहीत. १०० वॉट-अवरच्या वर गेलं की विमान कंपनीची परवानगी लागते. टोकं टेपने झाका. नाहीतर गाडी घरी येते आणि बॅटरी विमानतळावर राहते.

पाणी, चिखल आणि मीठ

‘वॉटरप्रूफ’ हा शब्द इलेक्ट्रॉनिक्ससाठी असतो, बेअरिंगसाठी नाही. डबक्यातून गाडी खुशाल न्या, पण त्याच संध्याकाळी चाकं काढून, पुसून, वाळवून बेअरिंगना तेलाचा थेंब द्या. नाहीतर पुढच्या रविवारी ती किरकिरतील आणि त्याच्या पुढच्या रविवारी फिरणारच नाहीत. चिखल ओला असतानाच जोरात धुवायची घाई नको. वाळू द्या, जुन्या टूथब्रशने झाडा. काळी माती वाळली की खपल्यांनी सुटते.

समुद्राच्या पाण्यात मात्र गाडी घालू नका. मीठ जोडण्यांना, मोटरला, प्रत्येक स्क्रूला खातं. कोरड्या वाळूवर थोडा वेळ चालवलीत तर शॉकचे दांडे आणि मोटर आधी साफ करा.

आणि आपला उन्हाळा. विदर्भ-मराठवाड्यात दुपारी हवाच ४२-४३ अंशांवर असते, तिथे मोटरला थंड व्हायला वाव कुठला? दर पाच-सात मिनिटांनी थांबून मोटरला जपून बोट लावा. तीन सेकंद टेकवून ठेवता येत नसेल तर गाडी सावलीत ठेवा. नेहमीच तापत असेल तर मोटरच्या टोकावरचा लहान गिअर, पिनियन, एक-दोन दात कमी असलेला लावा. वेग थोडा घटेल, मोटर वाचेल.

पहिली संध्याकाळ

गाडी खोक्यातून काढली की लगेच मैदानावर पळू नका. पिनियन आणि स्पर गिअर एकमेकांत किती घुसलेत ते बघा. वर्तमानपत्राची बोटभर पट्टी कापून दोघांच्या दातांमधून फिरवा. ती घड्या पडून, न फाटता बाहेर आली पाहिजे. फाटली तर गिअर फार जवळ आहेत, घड्याच पडल्या नाहीत तर फार लांब. मोटरचे दोन स्क्रू सैल करून पट्टी मध्ये ठेवा, मोटर हलकेच दाबा, स्क्रू आवळा आणि पट्टी फिरवून काढा. दोन मिनिटांच्या या कामाने माझे किती स्पर गिअर वाचले असतील, मोजायला खोक्यात काही नाही.

धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकचा थेंब लावा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्यांना लावू नका, ते प्लास्टिकला तडे पाडतं. मग गाडी उलट्या डब्यावर ठेवा, चाकं अधांतरी. आधी रिमोट सुरू, मग गाडी. थोडा वेग देऊन रिमोट बंद करा. चाकं थांबली पाहिजेत. याला फेल-सेफ म्हणतात. चाकं थांबली नाहीत तर ती गाडी माणसांजवळ नेऊ नका. चार-पाच किलोचा ट्रक ताशी ५० ने पायावर आला तर हाड मोडतं, म्हणून सोसायटीचं पार्किंग, खेळणारी मुलं आणि कुत्री असलेली बाग या जागा वर्ज्य. बंद करताना उलटा क्रम: आधी गाडी, मग रिमोट.

खिशाचं काय

जेवढे पैसे ठरवलेत त्यातला एक तृतीयांश भाग बाजूला काढा आणि उरलेल्यात गाडी बघा. बाजूच्या पैशांत चांगला चार्जर, दुसरी बॅटरी, दीड, दोन आणि अडीच मिलिमीटरच्या अ‍ॅलन की, आणि भागांची एक पिशवी येते: पुढचे दोन हात, पिना, एक स्पर गिअर, बॉडी क्लिपची दोन पाकिटं. सगळ्या पैशांची गाडी आणून पहिल्या रविवारी हात मोडला की महिनाभर ती कपाटावर बसते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मी एरवी मानतो, पण या छंदात मसाल्याचे पैसे आधी बाजूला काढलेले बरे.

जुनी गाडी मिळत असेल तर हरकत नाही. बॅटरी काढून चारी चाकं हाताने फिरवा. एकाच जागी खरखर लागली तर डिफ किंवा बेअरिंग गेलंय. मालकाला बॉडीवरच्या ओरखड्यांबद्दल विचारू नका, ते असणारच. ‘शेवटचं काय बदललं?’ असं विचारा. ‘कधी काही मोडलंच नाही’ म्हणाला तर गाडी तरी चालवली नसेल, नाहीतर तो खोटं बोलतोय.

अलीकडे माझ्या खोक्यात काय पडतं ते मी बघत असतो. गेल्या पावसाळ्यापासून सहा प्लास्टिकचे हात, दोन स्पर गिअर, वाकलेल्या चार पिना. गिअरबॉक्स एकही नाही, मोटर नाही, सर्व्हो नाही. माळावर दर रविवारी काहीतरी मोडतं आणि चहा थंड व्हायच्या आत पुन्हा बसतं. तुम्हीही एक रिकामं खोकं ठेवा. वर्षभराने ते उघडा. त्यात नुसते हातच निघाले तर ट्रक बरोबर निवडलात असं समजा.